होडीच्या जुन्या इंजिनाचा सेल्फ : देवबाग येथील दुरुस्तीच्या नोंदी

१४ जुलै २०२४, रविवार

सकाळी पावसाने दोन तास उघडीप दिली, तेवढ्यात मांडवाखाली ठोकळ्यांवर चढवून ठेवलेल्या होडीच्या इंजिनाचे झाकण काढले. इंजिन चाळीस अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक आहे. आम्ही ते २०११ मध्ये होडीसकट जुनेच घेतले. ते दोरीनेही सुरू होते आणि चावीनेही. गेल्या हंगामात, म्हणजे मार्चपासून, चावी फिरवली की आतून फक्त ‘टक’ असा एक आवाज येई आणि पुढे काहीच होत नसे. कधी तिसऱ्या प्रयत्नाला सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी विजेची मोटर, फिरे, कधी दहाव्यालाही नाही. मार्चमध्ये एका दुरुस्ती केंद्रात सोलेनॉइड, म्हणजे चावी फिरवल्यावर सेल्फला बॅटरी जोडून देणारा विद्युतचुंबकी स्विच, बदलून आणला, तेव्हा तीन आठवडे सगळे सुरळीत चालले आणि एप्रिलच्या मध्यावर दुखणे जसेच्या तसे परत आले. मे महिन्यात तेथेच पुन्हा विचारले तर ‘आता सेल्फच नवा घाला’ असा सल्ला मिळाला.

दोरी आहे तर सेल्फसाठी एवढा आटापिटा कशाला, असे घरात विचारले गेले. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावर ओहोटीला पाण्याला ओढ असते. तेथे होडीत आठ माणसे बसलेली असताना इंजिन बंद पडले, तर दोरी गुंडाळून तीन-चार हिसके देईपर्यंत होडी वाळूच्या पट्टीवर जाऊ शकते. शिवाय होडी चालवणाऱ्या काकांचा उजवा खांदा आता असे हिसके सोसण्याच्या स्थितीत नाही.

या वेळी काम सुरू करण्यापूर्वी एक शिस्त ठरवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलण्याच्या आधी व नंतरही मोजमाप लिहून ठेवायचे. चाचणीसाठी सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त फिरवायचा नाही, आणि दोन प्रयत्नांमध्ये दोन मिनिटे थांबायचे. पेट्रोलची नळी काढून ठेवली, पंखाही उतरवला.

आज फक्त यांत्रिक बाजू तपासली. दोन्ही स्पार्क प्लग काढून फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचे जड दातेरी चाक, हाताने फिरवले. ते मोकळे फिरले, कोठे अडकले नाही आणि प्लगच्या भोकातून पाणीही आले नाही. इंजिनच जाम असते किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरले असते, तर नवा सेल्फही असाच ‘टक’ करून थांबला असता, त्यामुळे ही शंका सर्वात आधी मिटवणे आवश्यक होते. प्लग परत बसवले. त्यांच्या टोप्या मात्र इंजिनाच्या अंगाला जोडून ठेवल्या, म्हणजे चाचणी चालू असताना इंजिन अचानक पेटायला नको.

१६ जुलै, मंगळवार

बॅटरीपासून सुरुवात केली. रात्रभर चार्जरवरून काढून ठेवलेली बॅटरी सकाळी १२.५८ व्होल्ट दाखवत होती आणि सहाही खणांतील ॲसिडची घनता १.२५५ ते १.२६५ च्या दरम्यान होती. स्वस्थ बसलेल्या बॅटरीने १२.६ दाखवले म्हणून ती निर्दोष ठरत नाही. खरी परीक्षा भार पडल्यावर होते. म्हणून मीटरची टोके बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवरच धरली आणि पुतण्याला चावी फिरवायला सांगितली. ‘टक’ झाले, सेल्फ फिरला नाही, आणि मीटर १२.१० वर स्थिर राहिला.

आजच्या दिवसाचे सगळे सार या आकड्यात आहे. बॅटरी दमलेली असती तर सेल्फचा भार येताच ती आठ-नऊ व्होल्टपर्यंत कोसळली असती. येथे ती जेमतेम अर्ध्या व्होल्टने उतरली. याचा अर्थ तिच्याकडून पुरेसा विद्युतप्रवाह मागितलाच जात नाही, वाटेत कोठेतरी तो अडतो आहे. काका ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, “बॅटरी बरी आसा, तिच्या पाठी लागू नको.” कशावरून, असे विचारले तर त्यांनी सांगितले की चावी फिरवताना होडीतला दिवा मंद होत नाही, हे त्यांनी एप्रिलमध्येच पाहिले होते. मी मीटर लावून जे शोधले, ते काकांनी दिव्याकडे पाहून तीन महिने आधी ओळखले होते. फक्त त्यांना कोणी विचारले नव्हते.

सोलेनॉइडच्या कॉइलला, म्हणजे आतल्या तारांच्या गुंडाळीला, किती व्होल्ट मिळतात तेही पाहिले. मीटरचे काळे टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर ठेवून लाल टोक कॉइलच्या बारीक वायरीला लावले. चावी फिरवल्यावर ११.८. ठीक वाटले. (ही मोजणी चुकीची होती. २० तारखेची नोंद पाहावी.)

१७ जुलै, बुधवार

आषाढी एकादशी, त्यात दिवसभर पाऊस. इंजिनाला हात लावला नाही, वहीत फक्त वायरिंगची आकृती काढली.

सेल्फचे प्रत्यक्षात दोन मार्ग असतात. पहिला बारीक वायरींचा : बॅटरीच्या धन खुंटापासून फ्यूज, तेथून चावी, तेथून गियरच्या दांड्याच्या डब्यातला न्यूट्रल स्विच (गियर टाकलेला असताना सेल्फ फिरू न देणारा), तेथून सोलेनॉइडची कॉइल आणि शेवटी काळ्या वायरीने इंजिनाच्या अंगात. दुसरा जाड केबलींचा : धन खुंटापासून सोलेनॉइडचा एक मोठा बोल्ट, आतल्या तांब्याच्या पट्टीवरून दुसरा बोल्ट, तेथून सेल्फ, सेल्फच्या अंगातून इंजिनाचे ॲल्युमिनियम, आणि तेथून जाड काळ्या केबलने परत ऋण खुंट. बारीक मार्गाचे काम फक्त जाड मार्गाचे दार उघडण्याचे. ‘टक’ हा त्या दाराचा आवाज. तो येतो आहे म्हणजे फ्यूज, चावी आणि न्यूट्रल स्विच यांच्यावर आज तरी संशय घेण्याचे कारण नाही. आमच्या इंजिनावर तांबड्या दोरीचा सुरक्षा स्विच फक्त ठिणगी बंद करतो, सेल्फ अडवत नाही, त्यामुळे तोही यादीतून काढला.

२० जुलै, शनिवार

आज जाड मार्ग तुकड्या-तुकड्याने मोजला. पद्धत सोपी आहे. मीटर व्होल्टवर ठेवायचा, एका तुकड्याच्या दोन टोकांवर मीटरची दोन टोके ठेवायची आणि चावी फिरलेली असतानाच आकडा वाचायचा. तुकडा चांगला असेल तर त्याच्या दोन टोकांमध्ये जवळजवळ काहीच फरक दिसत नाही. जेथे फरक दिसतो तेथे व्होल्ट खर्ची पडत असतात. चावी फिरलेली नसताना हेच मोजमाप घेतले तर सगळीकडे शून्य येते आणि त्यावरून काहीही कळत नाही.

धन खुंट ते सोलेनॉइडचा पहिला बोल्ट ०.१०. सोलेनॉइडच्या दोन बोल्टांमध्ये ०.०६, म्हणजे मार्चमध्ये घातलेला सोलेनॉइड उत्तम आहे, आणि बहुधा त्याच्या आधीचाही असावा. सोलेनॉइड ते सेल्फ ०.०३. सेल्फचे अंग ते इंजिनाचे अंग ०.०५. इंजिनाचे अंग ते बॅटरीचा ऋण खुंट : ६.८०.

हा शेवटचा आकडा तीनदा घेतला. बॅटरीच्या १२.१० पैकी सेल्फच्या वाट्याला फक्त ५.०६ व्होल्ट उरत होते आणि निम्म्याहून जास्त परतीच्या वाटेवरच संपत होते.

मंगळवारची चूकही आता लक्षात आली. सोलेनॉइडच्या कॉइलचे दुसरे टोक बॅटरीच्या खुंटाला नव्हे, तर इंजिनाच्या अंगाला जोडलेले आहे, आणि चावी फिरताच ते अंगच बॅटरीच्या ऋण खुंटापेक्षा ६.८ व्होल्टनी वर चढते. मी काळे टोक खुंटावर ठेवल्यामुळे मला ११.८ दिसले. कॉइलच्या स्वतःच्या दोन टोकांवर मीटर धरला तेव्हा ५.०० आले. म्हणजे सोलेनॉइड आधी पूर्ण जोराने ओढला जातो, ‘टक’ वाजते, जाड मार्ग उघडतो, आणि उघडताक्षणी परतीचा रस्ता तुंबून कॉइलचाही श्वास कोंडतो. मे महिन्यात अधूनमधून ‘टकटकटक’ असा जो आवाज येत होता, त्याचा उलगडा यातून होतो.

चाचणी संपल्यावर काळ्या केबलच्या इंजिनाकडच्या टोकावर बोट ठेवले. थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेली बोल्टची कडी, चांगलेच गरम झाले होते. बॅटरीकडचे थंड होते.

२१ जुलै, रविवार

काळ्या केबलचेही तुकडे पाडून मोजले. इंजिनाचे अंग ते बोल्ट ०.०२, बोल्ट ते थिंबल ०.०३. दोन्ही ठीक. मग शिवणाची सुई केबलच्या आवरणातून थिंबलपासून चार बोटांवर टोचली आणि थिंबल ते सुई असे मोजले. ६.५ व्होल्ट. अडीच मीटर लांबीच्या केबलमधला सगळा दोष त्या चार बोटांत साठलेला होता.

तेथे जुनी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती सोडवली, आवरण पात्याने चिरले. आत तांब्याचा तांबडा रंग कोठेच नव्हता. तारा काळ्या पडल्या होत्या, त्यांच्यामध्ये हिरवट पूड साचली होती आणि बोटाने दाबले तर कित्येक तारा वाळलेल्या गवतासारख्या तुटून आल्या. थिंबल कोणीतरी हातोडीने ठोकून बसवले होते, ते तारांना नीट आवळत नव्हते. त्या फटीतून खारे पाणी तारांच्या मधून वर चढत गेले आणि चिकटपट्टीने ते बाहेर पडू दिले नाही. संरक्षणासाठी गुंडाळलेली पट्टीच ओल धरून बसली होती.

कुतूहल म्हणून हीच केबल मीटर ओहमवर ठेवून तपासली. ०.३ ओहम. मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवली, तरीही ०.३. म्हणजे ओहमच्या मोजणीनुसार केबल निर्दोष. दोनचार तारा जरी जिवंत असल्या तरी मीटरच्या इवल्याशा प्रवाहाला त्या पुरतात. सेल्फ मात्र शंभर अँपिअरच्या घरातला प्रवाह मागतो, आणि शंभर अँपिअरला ०.०२ ओहम इतकी क्षुल्लक अडचणही दोन व्होल्ट खाते. साध्या मीटरवर ०.०२ ओहम दिसतच नाही. जाड केबल ओहमवर तपासून ‘चांगली आहे’ म्हणणे ही या कामातली सर्वात मोठी फसगत आहे, असे माझे मत झाले आहे.

मार्चमध्ये सोलेनॉइड बदलल्यावर तीन आठवडे इंजिन का चालले, याचेही उत्तर बहुधा येथेच आहे. त्या कामासाठी ही केबल सोडून पुन्हा आवळली गेली असणार. त्या हलवाहलवीत काही तारा पुन्हा एकमेकींना भिडल्या आणि श्रेय मात्र नव्या सोलेनॉइडला मिळाले.

२७ जुलै, शनिवार

पंचवीस चौरस मिलिमीटरची, प्रत्येक तारेवर कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची केबल मालवणात मिळाली नाही, कुडाळहून आणावी लागली. थिंबल तेथेच दाबयंत्रावर दाबून घेतली आणि त्यांच्यावर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी नळी चढवली. इंजिनावरची बोल्टची जागा पॉलिशपेपरने चकचकीत केली, बोल्ट आवळला आणि मगच वरून व्हॅसलीन लावले.

चावी फिरवली आणि सेल्फ फिरला. पुतण्याने आनंदाने झाकण लावायलाही घेतले. पुन्हा फिरवली, फिरला. चौथ्यांदा काहीच नाही. आवाज ‘टक’चाच, पण काळ्या केबलवर आता जवळजवळ काहीच व्होल्ट खर्ची पडत नव्हते. म्हणजे वाट मोकळी आहे आणि सेल्फ स्वतःच प्रवाह घेत नाही. फ्लायव्हील हाताने थोडे फिरवून पाहिले तरी फरक पडला नाही. सेल्फच्या अंगावर लाकडी ठोकळ्याने हलकेच टकटक केले तेव्हा मात्र तो लगेच फिरला.

दोष दोन होते. केबलच्या मोठ्या दोषाखाली सेल्फचा धाकटा दोष झाकला गेला होता. दुरुस्ती केंद्राचा ‘नवा सेल्फ घाला’ हा सल्ला अगदीच निराधार नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तो त्या वेळी मानला असता तर नवा सेल्फही जुन्या केबलवर ‘टक’ करत बसला असता, इतकेच.

३० जुलै, मंगळवार

बॅटरीची ऋण केबल आधी सोडून सेल्फ उतरवला. उघडण्यापूर्वी नळकांडे आणि दोन्ही झाकणे यांच्यावरून रंगाची एक सरळ रेघ ओढली, म्हणजे जोडताना दिशा चुकणार नाही. आतून काळ्या भुकटीचा लहानसा ढीग निघाला. सेल्फच्या फिरत्या भागाला घासत प्रवाह पोहोचवणाऱ्या चार कार्बन ब्रशांपैकी तीन ९ मिलिमीटरचे होते, चौथा ६ वर आलेला होता. त्याहून वाईट म्हणजे तो आपल्या घरात तिरका अडकून बसला होता. स्प्रिंग दाबत होती, पण ब्रश पुढे सरकत नव्हता. ठोकल्यावर सेल्फ का फिरे, ते प्रत्यक्ष दिसले.

याच वेळी असेही दिसले की या सेल्फमध्ये चुंबकासाठी तारांची गुंडाळी नसून नळकांड्याच्या आत चिकटवलेले ठिसूळ चुंबक आहेत. जोराने ठोकले असते तर ते तडकले असते. शनिवारी मी ठोकळा हलक्या हाताने वापरला हे सुदैव म्हणायचे. पुढच्या वेळी तेवढेही करणार नाही.

कॉम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, काळवंडलेला होता. तो बारीक पॉलिशपेपरच्या पट्टीने, आर्मेचर (सेल्फचा आतला फिरता भाग) हाताने फिरवत, ताज्या तांब्याचा रंग येईपर्यंत साफ केला. एमरी पेपर मुद्दाम टाळला, कारण त्याचे कण फटींमध्ये रुतून राहिले तर दोन पट्ट्या एकमेकींना जोडल्या जाऊ शकतात. तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक झिजलेल्या तांब्याच्या पातळीला आला होता. तो खाली घेण्यासाठी हॅकसॉच्या पात्याचा तुकडा दगडावर घासून पातळ केला आणि एकेक फट अर्धा मिलिमीटरभर कोरली. या कामाला दीड तास लागला, आणि पूर्ण दुरुस्तीत मला सर्वात आवडलेले काम हेच होते. प्रत्येक पट्टी आणि दांडा यांच्यात जोड नाही, शेजारच्या पट्ट्यांमध्ये आहे, अशी खात्री केली. आर्मेचर शाबूत आहे. ब्रशांचा पूर्ण संच नवा घातला आणि प्रत्येक ब्रश आपल्या घरात बोटाने मोकळा सरकतो हे पाहूनच झाकण लावले.

३ ऑगस्ट, शनिवार

सेल्फच्या दांड्यावरचे दात असलेले छोटे चाक, म्हणजे बेंडिक्सचे पिनियन, आज साफ केले. सेल्फ झटक्यात फिरू लागतो तेव्हा पिनियन आपल्या जडपणामुळे मागे राहते आणि मळसूत्रासारख्या खाचांवरून वर चढून फ्लायव्हीलच्या दातांत शिरते. इंजिन सुरू झाले की तेच त्याला खाली ढकलते. हा सगळा खेळ मोकळेपणावर चालतो. आमच्या खाचांत पूर्वी कोणी तरी भरपूर ग्रीस भरले होते आणि त्यात बारीक वाळू मुरली होती. रॉकेलने धुऊन, पुसून, पातळ तेलाचा एकच थेंब दिला. येथे ग्रीस घालणे म्हणजे वाळूला आमंत्रण.

फ्लायव्हीलचे दात आरशाने पाहिले. समोरासमोरच्या दोन जागी त्यांच्या कडा गोलसर झाल्या आहेत, बाकीचे दात नव्यासारखे आहेत. दोन सिलिंडरचे इंजिन बंद होताना दाबाच्या त्याच दोन जागांपाशी येऊन थांबते, त्यामुळे पिनियन नेहमी तेथेच आदळते. अजून चालण्यासारखे आहे.

१० ऑगस्ट, शनिवार

जोडणी पूर्ण. सेल्फ फिरत असतानाचे आकडे : बॅटरी ११.००, धन केबल ०.२७, सोलेनॉइड ०.१६, सोलेनॉइड ते सेल्फ ०.०८, सेल्फचे अंग ते इंजिन ०.१३, ऋण केबल ०.२२. सेल्फला प्रत्यक्ष १०.१४ व्होल्ट मिळतात, पूर्वी ५.०६ मिळत होते. तुकड्यांवरचे आकडे जुलैपेक्षा वाढलेले दिसतात, कारण आता त्यांतून खरोखर प्रवाह वाहतो आहे. बॅटरीचा आकडा खाली आला तोही त्याच कारणाने.

निळ्या पिंपात पाणी भरून इंजिनाचा पाय त्यात बुडवला, कारण कोरडे चालवले तर पाण्याच्या पंपाचे रबरी चाक थोड्याच वेळात जळते. पेट्रोलची नळी आणि प्लगच्या टोप्या जागेवर लावल्या. इंजिन दुसऱ्या फेरीला पेटले आणि मांडव निळ्या धुराने भरला. मध्यम गतीला बॅटरीवर १३.९ व्होल्ट आले, म्हणजे चार्जिंगही चालू आहे. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढू नये, काढल्यास रेक्टिफायर (इंजिनाची वीज बॅटरीला चालेल अशी करणारा भाग) जातो, हे पुतण्याला दोनदा सांगितले. गियर पुढे टाकून चावी फिरवून पाहिली. सेल्फ फिरला नाही, आणि गियरमध्ये असताना तो फिरता कामाही नये.

१९ ऑगस्ट, सोमवार

नारळी पौर्णिमा. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपली असली तरी आमची होडी आजच पाण्यात गेली. खाडीला नारळ अर्पण झाल्यावर काकांनी चावी फिरवली. दुपारपर्यंत इंजिन अकरा वेळा बंद करून सुरू केले, अकराही वेळा पहिल्याच फिरवणीला लागले. काकांनी दोरी मात्र नेहमीच्या जागी, आपल्या पायाशीच, गुंडाळून ठेवली आहे. ती तेथून हलवू नये, असे मलाही वाटते.

२५ ऑगस्ट, रविवार

धन केबलचा आकडा पुन्हा घेतला. १० तारखेला ०.२७ होता, आज ०.३४ आहे. बाकीचे सगळे आकडे जागच्या जागी आहेत. ही केबल काळ्या केबलच्याच वयाची असणार. इंजिनाकडच्या टोकावरची चिकटपट्टी सोडवून आवरण बोटभर चिरले. थिंबलजवळच्या तारा काळ्या पडू लागल्या आहेत, त्यांच्या मागे अजून तांबडे तांबे दिसते. कुडाळला त्याच जाडीची लाल केबल सांगून ठेवली आहे. मिळेपर्यंत प्रत्येक रविवारी हा एक आकडा घ्यायचा.